एक खुर्ची, दोन उमेदवार

न्यूयॉर्कमधल्या एका हेज फंडाच्या ऑफिसात एका वरिष्ठाची नोकरी जाते. बातमी कळताच तो आपल्या केबिनमधले कॉम्प्युटर फोडत सुटतो. काचेपलीकडे बसलेली तरुण मंडळी मान वर करून क्षणभर बघतात आणि पुन्हा आपापल्या स्क्रीनकडे वळतात. हळहळ कुणालाच वाटत नाही. सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशेब सुरू झालेला असतो, की ही केबिन आता कुणाच्या वाट्याला येणार? क्लोई डोमाँट या दिग्दर्शिकेच्या ‘फेअर प्ले’ची गाडी खरी इथून सुटते. पुढचा तासभर ती अशी धावते की प्रेक्षकाला मोबाइल हातात घ्यायची आठवण होत नाही.

डोमाँट यांचा हा पहिलाच चित्रपट. त्याआधी त्यांनी ‘बॉलर्स’ आणि ‘बिलियन्स’ या मालिकांचे काही भाग दिग्दर्शित केले होते, आणि त्यातली ‘बिलियन्स’ तर हेज फंडांच्याच दुनियेतली. जानेवारी २०२३ मध्ये सनडान्स महोत्सवात ‘फेअर प्ले’ दाखवला गेला आणि नेटफ्लिक्सने तो सुमारे २ कोटी डॉलरना विकत घेतला. बराचसा एका ऑफिसात आणि एका फ्लॅटमध्ये घडणाऱ्या, नवख्या दिग्दर्शिकेच्या चित्रपटाला एवढी किंमत मिळणं ही त्या वर्षीच्या महोत्सवातली मोठी बातमी होती. ६ ऑक्टोबर २०२३ ला तो नेटफ्लिक्सवर आला आणि पाहणाऱ्यांत लगेच दोन तट पडले. अभिनयाबद्दल फारसं दुमत नव्हतं. भांडण होतं ते कथेवरून, त्यातही शेवटच्या अर्ध्या तासावरून. थोडक्यात, नटांना पैकीच्या पैकी आणि पटकथा काठावर पास, असा हा निकाल होता.

असा निकाल लागलेला हा काही पहिला चित्रपट नव्हे. नोकरीच्या ठिकाणची चढाओढ दाखवणाऱ्या कितीतरी चित्रपटांचं हेच होतं. ते का होतं, हे ‘फेअर प्ले’ उलगडून बघितला की चांगलं कळतं. (पुढे चित्रपटाचा शेवट सांगितला आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.)

नावानिशी नफा, नावानिशी तोटा

एमिली आणि ल्यूक दोघंही ‘वन क्रेस्ट कॅपिटल’ या फंडात विश्लेषक आहेत. दोघं एकत्र राहतात. ल्यूकच्या भावाच्या लग्नात तो तिला मागणी घालतो आणि ती हो म्हणते. दुसऱ्या दिवशी पहाटे एकाच घरातून निघून दोघं वेगवेगळ्या वाटांनी ऑफिसात पोहोचतात आणि परक्यासारखे शेजारी बसतात. कंपनीत सहकाऱ्यांच्या प्रेमसंबंधांना मनाई असल्याने बोटातली अंगठी घरीच ठेवावी लागते.

हा नियम पटकथेच्या सोयीसाठी शोधून काढलेला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये मॅकडोनाल्ड्सने आपले मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीव्ह ईस्टरब्रुक यांना पदावरून दूर केलं, तेव्हा कंपनीने दिलेलं कारण होतं एका कर्मचारी महिलेशी परस्परसंमतीचे संबंध. कंपनीचं धोरण मोडलं, एवढं पुरेसं ठरलं. २०१७ च्या ‘मी टू’ चळवळीनंतर अमेरिकी कंपन्या याबाबत आणखी कडक झाल्या. एमिली आणि ल्यूक लपवाछपवी करतात ती उगाच नव्हे.

हेज फंडाची निवडही विचारपूर्वक केलेली आहे. धनाढ्य व्यक्ती आणि मोठ्या संस्था यांचा पैसा एकत्र करून तो बाजारात जोखमीने फिरवणारा हा धंदा. आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांनी १९४९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला फंड हा या जातीचा पहिला मानला जातो. फंड चालवणाऱ्यांचा पारंपरिक मेहनताना म्हणजे जमा रकमेवर दर वर्षी २ टक्के आणि झालेल्या नफ्यात २० टक्के वाटा. आपल्याकडे असले फंड सेबीच्या ‘पर्यायी गुंतवणूक निधी’ नियमावलीतल्या तिसऱ्या वर्गात येतात आणि त्यांत शिरायचं तर साधारणपणे किमान १ कोटी रुपये लागतात. सामान्य पगारदाराचा त्यांच्याशी संबंध येत नाही तो म्हणूनच.

अशा फंडात विश्लेषक माहिती खणून काढतो, ताळेबंद चाळतो आणि सल्ला देतो. त्या सल्ल्यावर पैसे लावायचे की नाही, हे पोर्टफोलिओ मॅनेजर ठरवतो. शाळेत, बँकेत किंवा सरकारी खात्यात कोण किती चांगलं काम करतं यावर जन्मभर वाद घालता येतो. इथे प्रत्येक निर्णयाचा नफा-तोटा नावानिशी नोंदला जातो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला ठाऊक होतो. ल्यूक विश्लेषकच राहिला आणि एमिली मॅनेजर झाली, तर तो तिच्या हाताखाली येणार, तिला सल्ला देणार आणि त्याच्या सल्ल्याची किंमत तिच्या नावावर चढणार किंवा उतरणार. चढाओढीची कथा रचायला याहून नेमकी जागा शोधून सापडायची नाही.

घडतं अगदी तसंच. ल्यूकला बढती मिळणार अशी कुजबुज एमिलीच्याच कानावर येते. ती आनंदाने त्याला सांगते आणि दोघं तो आनंद साजराही करतात. मग ऐन मध्यरात्री एमिलीला फोन येतो आणि एका बारमध्ये तिची सर्वेसर्वा कॅम्पबेलशी भेट होते. खुर्ची तिला मिळालेली असते.

चेहऱ्यांवरचं नाट्य

बारमधून परतलेली एमिली ही बातमी सांगते ते दृश्य अभिनयासाठी पुन्हा पुन्हा पाहावं असं आहे. साहेबाने रात्री-अपरात्री बोलावलं म्हणजे काहीतरी वावगं घडलं असणार, या धास्तीने ल्यूक तिला विचारत राहतो. ती बढतीबद्दल सांगते ते जवळपास क्षमा मागितल्यासारखं. फीबी डायनेव्हरने तो संकोच फार बारकाईने दाखवला आहे. आवाज खाली, नजर त्याच्या चेहऱ्यावर, आणि आनंद व्हायच्या आधी त्याला काय वाटेल याची चाचपणी. ‘ब्रिजर्टन’मधल्या राजेशाही थाटाच्या डॅफ्नीमुळे ही ब्रिटिश अभिनेत्री घरोघरी पोहोचली. इथे तिने त्या भूमिकेची सावलीही पडू दिलेली नाही.

ल्यूक झालेल्या आल्डन एअरेनराइकचं काम त्याहून अवघड आहे. ‘सोलो’ (२०१८) या स्टार वॉर्स मालिकेतल्या चित्रपटाचा भार खांद्यावर घेतलेला आणि ‘ओपनहायमर’मध्येही दिसलेला हा नट. त्याला इथे खलनायक दिसायचं नाही आणि बिचाराही दिसायचं नाही. बातमी ऐकल्यावर त्याचं हसू येतं, पण अर्धा क्षण उशिरा. अभिनंदनाचे शब्द बरोबर असतात, मात्र डोळे अजून तिथे पोहोचलेले नसतात. पुढे तो यशस्वी कसं व्हावं हे शिकवणाऱ्या कुणा गुरूच्या नादी लागतो, एमिलीच्या कपड्यांवर शेरे मारतो, तिला आधार देतोय असं भासवत तिचा आत्मविश्वास पोखरतो. यातलं काहीही एअरेनराइक ओरडून करत नाही. म्हणूनच पाहणाऱ्याला आपल्या ऑफिसातला कुणी ना कुणी आठवतो.

तिसरा एडी मार्सन. कॅम्पबेल हा माणूस आवाज चढवत नाही, हातवारे करत नाही, खुर्चीत फारसा हलतही नाही. तो आला की मजल्यावर शांतता पसरते. ल्यूकच्या सांगण्यावरून एमिली एक सौदा करते आणि कंपनीला अडीच कोटी डॉलरचा फटका बसतो. तेव्हा कॅम्पबेल तिला बाई म्हणून हिणवणारी घाण शिवी देतो, तीही संथपणे, हवामान सांगावं तशा सुरात. पुढे एमिली दुसऱ्या सौद्यात तोटा भरून काढते आणि तिच्या हातात ५ लाख ७५ हजार डॉलरचा धनादेश पडतो. शिवीही त्याचीच आणि धनादेशही त्याचाच. दोन्ही देताना मार्सनचा चेहरा जवळपास सारखाच राहतो.

या तिघांमुळे चित्रपटाचा पहिला तासभर अगदी घट्ट विणलेला आहे. ऑफिसात कोण कुठे बसतं, मीटिंगमध्ये कुणाकडे बघून बोललं जातं, लिफ्टमध्ये कोण गप्प राहतं, अशा बारक्या गोष्टींतून सत्तेचा तोल सरकताना दिसतो. पुरुष सहकाऱ्यांत मिसळायचं म्हणून एमिली त्यांच्याबरोबर स्ट्रिप क्लबमध्ये जाते आणि त्यांच्याच भाषेतला गलिच्छ किस्सा हसत ऐकवते. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर आपण शिरकाव केल्याचा विजय दिसतो, आणि त्यासाठी काय मोजलं याचा हिशेबही.

कथा कुठे सुटते

आता पटकथेकडे वळू. पहिली गळती लवकरच सुरू होते, पण अभिनयाच्या ओघात ती लक्षात येत नाही. दोघांपैकी कामात खरं सरस कोण, हे चित्रपट आपल्याला बघू देत नाही. कंपन्यांची नावं, शेअरचे भाव, फोनवरची घाई हे सगळं आहे, मात्र एमिलीला एखाद्या ताळेबंदात इतरांना न दिसलेलं काय दिसलं, किंवा ल्यूकचा अंदाज नेमका कुठे चुकला, हे कळत नाही. सौदे येतात आणि जातात, आणि त्यांचं मोल आपल्याला पात्रांच्या चेहऱ्यांवरूनच समजून घ्यावं लागतं.

त्याऐवजी पटकथा एक सोपा तोडगा काढते. एमिली ल्यूकसाठी शब्द टाकायला जाते तेव्हा कॅम्पबेल सांगतो, की ल्यूकला नोकरी मिळाली तीच कुणाच्या तरी शब्दाखातर. तो कंटाळून स्वतःच कधी सोडतोय याची सगळे वाट बघतायत. म्हणजे ल्यूक वशिल्याचं तट्टू! मनोरंजनाच्या दृष्टीने हा धक्का झकास आहे, पण चढाओढ त्याच क्षणी संपते. दोन तुल्यबळ माणसांतली स्पर्धा पाहायला बसलेल्या प्रेक्षकाला कळतं, की एक गडी मुळात मैदानातच नव्हता. गुणी ल्यूकने गुणी एमिलीचा हेवा केला असता तर तो हेवा जास्त अडचणीचा, जास्त खरा झाला असता. नालायक माणसाचा जळफळाट समजायला सोपा आणि त्याला दोष देणं त्याहून सोपं.

दुसरी गळती मोठी आहे. आणखी एक मॅनेजरची जागा रिकामी होते. ल्यूक कॅम्पबेलपुढे अक्षरशः गुडघे टेकून ती मागतो, आणि ती बाहेरच्या माणसाला केव्हाच देऊन झाल्याचं त्याला कळतं. एअरेनराइकने हे दृश्य इतकं उघडंवाघडं केलं आहे की बघणाऱ्यालाच खाली मान घालावीशी वाटते. इथून पुढे चित्रपट ऑफिस सोडून देतो. ल्यूक भर बैठकीत घुसून दोघांचं गुपित फोडतो, एमिलीच्या आईने परस्पर ठरवलेल्या साखरपुड्याच्या समारंभात दोघं जाहीरपणे एकमेकांचे लचके तोडतात आणि शेवटी ल्यूक तिच्यावर बलात्कार करतो. अखेरच्या दृश्यात एमिलीच्या हातात सुरी आहे आणि ल्यूक रडत आपली चूक कबूल करतो आहे.

या वळणाचं समर्थन करणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. ऑफिसात गमावलेली सत्ता काही पुरुष घरात जबरदस्तीने वसूल करतात, हे जगात घडतंच, आणि ते दाखवायला धाडस लागतं. हरकत त्या घटनेला नाही, तिच्या आधी आणि नंतर जे वगळलं गेलं त्याला आहे. तासभर आपण बघितलं, की ही स्पर्धा कंपनीने पेटवली. प्रेम लपवायला लावणारा नियम तिचा, मध्यरात्रीचे फोन तिचे, शिव्या आणि धनादेश तिचे, वशिल्याने माणूस घेऊन त्याला ताटकळत ठेवणंही तिचंच. शेवटाकडे येताना ही सगळी जबाबदारी दोन माणसांच्या स्वयंपाकघरात येऊन पडते आणि कंपनी अलगद बाजूला होते.

इतरांनी काय केलं

मुक्काम हलला की कथा लंगडते, हे याआधीही दिसलं आहे. मायकेल क्रायटन यांच्या कादंबरीवरचा बॅरी लेव्हिन्सन यांचा ‘डिस्क्लोजर’ (१९९४) घ्या. सिएटलच्या तंत्रज्ञान कंपनीत मायकेल डग्लसला हवी असलेली बढती त्याची जुनी प्रेयसी, म्हणजे डेमी मूर, पटकावते. सुरुवात जोरदार आहे, दोघांची कामंही जोरकस. पण पुढे लैंगिक छळाचा खटला, कंपनीच्या विलीनीकरणाचं कारस्थान आणि आभासी जगातल्या दालनात फाइलींचा शोध असं काय काय येत जातं आणि मूळ प्रश्न कुठल्या कुठे राहतो.

उलट माइक निकोल्स यांचा ‘वर्किंग गर्ल’ (१९८८) कामाला चिकटून राहिला. सेक्रेटरी टेसची रेडिओ कंपनी विकत घेण्याची कल्पना तिची बॉस कॅथरीन स्वतःच्या नावावर खपवते. शेवटी निवाडा होतो तो एका साध्या प्रश्नावर. ही कल्पना सुचली कशी? कॅथरीनला उत्तर देता येत नाही. टेस कात्रणं पुढे करून दोन बातम्यांतून हा विचार कसा जुळला ते सांगते. प्रेक्षकाला शेअर बाजारातलं ओ की ठो कळत नसलं तरी जिंकलं कोण आणि का, हे स्पष्ट कळतं. मेलनी ग्रिफिथ, सिगोर्नी वीव्हर आणि जोन क्युसॅक या तिघींनाही त्या चित्रपटासाठी ऑस्कर नामांकन मिळालं, म्हणजे कथा कामावर ठेवल्याने अभिनयाची संधी काही कमी झाली नाही. जे. सी. शँडॉर यांच्या ‘मार्जिन कॉल’मध्ये (२०११) तर अख्खं नाट्य बँकेतल्या एका रात्रीच्या हिशेबातून उभं राहतं, आणि तो हिशेब साहेबाला सोप्या भाषेत समजावून सांगणं हेच त्यातलं सगळ्यात रंगलेलं दृश्य आहे.

भारतीय प्रेक्षकाला ‘फेअर प्ले’ बघताना ‘अभिमान’ (१९७३) आठवल्याशिवाय राहणार नाही. एकाच व्यवसायातलं जोडपं, आणि बायको नवऱ्याच्या पुढे जाते. हृषीकेश मुखर्जींनी गायक सुबीरचा मत्सर मैफली, निर्मात्यांचे हेलपाटे आणि मानधनाच्या आकड्यांतून दाखवला. तोवर तो मत्सर कामातूनच येत होता. उत्तरार्धात उमाचा गर्भपात होतो, तिला जबर धक्का बसतो आणि चित्रपट तिच्या आजारपणाकडे वळतो. जया भादुरींना या भूमिकेसाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. नवऱ्याच्या व्यावसायिक मत्सराचं पुढे काय झालं, हा प्रश्न मात्र शेवटच्या युगुलगीतात विरघळून गेला. बायकोने पुन्हा गाणं सुरू केल्यावर तिची बिदागी पुन्हा वाढली, तर सुबीर काय करेल?

मराठीतलं अलीकडचं उदाहरण म्हणजे सुबोध भावे दिग्दर्शित ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७ च्या नाटकावरचा हा चित्रपट २०१५ च्या दिवाळीत आला. राजगायकाचं पद म्हणजे एकच जागा, तिच्याबरोबर हवेली आणि कट्यार, आणि दावेदार दोन घराण्यांचे दोन गवई, पंडितजी आणि खाँसाहेब. सचिन पिळगावकरांनी खाँसाहेबांची वर्षानुवर्षांची हार डोळ्यांतून आणि खांद्यांतून जिवंत केली. राहुल देशपांडे यांचा गळा त्यांना असा चपखल बसला की आवाज दुसऱ्याचा आहे हे विसरायला व्हावं. तरी चित्रपटात पंडितजींचा आवाज कपटाने घालवला जातो आणि त्या क्षणापासून गाण्याची स्पर्धा गुन्ह्याच्या गोष्टीत बदलते. कोणाची गायकी श्रेष्ठ, किंवा दोन्ही आपापल्या जागी श्रेष्ठ असतील तर एकाच पदाचं काय करायचं, हा पेच त्याहून खोल होता.

या सगळ्या चित्रपटांत पटकथाकारांना एकच भीती वाटलेली दिसते. काम दाखवलं तर प्रेक्षक कंटाळेल. मग विष येतं, खटला येतो, आजार येतो, सुरी येते. नटांचं यात नुकसान होत नाही, उलट त्यांना रडायला, कोसळायला, तुटून पडायला जागा मिळते. म्हणून परीक्षणांत अभिनयाचं कौतुक पहिल्या परिच्छेदात असतं आणि कथेबद्दलची तक्रार शेवटच्या.

‘फेअर प्ले’मध्ये या तक्रारीचं उत्तर दडलेलं एक छोटंसं दृश्य आहे, आणि त्यावर पटकथा थांबत नाही, याचंच वाईट वाटतं. बलात्कारानंतर एमिली ऑफिसात येते आणि कॅम्पबेलला खोटं सांगते, की ल्यूक तिच्या पाठीमागे लागला होता, तिला त्रास देत होता. कॅम्पबेल खोदून काही विचारत नाही. खरं काय हे जाणून घेण्यात त्याला काडीचाही रस नाही. लफडं कंपनीच्या दारात येणार नाही आणि ती कामावर राहील, एवढं त्याला पुरतं. एमिलीची खुर्ची टिकते ती या खोट्याच्या जोरावर. मार्सन हे मिनिट-दोन मिनिटांत, आवाजात कसलाही चढउतार न आणता करतो. नियम कुणासाठी होता, दोघांना एकमेकांसमोर उभं करून फायदा कुणाचा झाला आणि उद्या एमिलीला याची किती किंमत मोजावी लागेल, हे सगळं त्या थंड होकारात आहे. डोमाँट यांचा कॅमेरा मात्र तिथून लगेच उठतो आणि सुरीकडे निघून जातो.